नव्या टाकीतले मासे दहा-बारा दिवसांत पुन्हा पुन्हा मरतात : सायकलिंग कुठे अडले ते कसे शोधावे

ही तक्रार जवळजवळ नेहमी त्याच शब्दांत ऐकू येते. टाकी नवी आहे, पाणी काचेसारखे नितळ आहे, फिल्टर चालू आहे आणि मासे आणले तेव्हा चांगले चपळ होते. पहिले तीन-चार दिवस ठीक जातात. मग मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करू लागतात, कल्ले लालभडक दिसतात, एखादा मासा तळाशी कोपऱ्यात बसून राहतो आणि दहाव्या-बाराव्या दिवशी पहिला मासा उलटा तरंगताना सापडतो. दुकानदार निळे औषध देतो आणि त्याने दोन दिवस बरे वाटते. अखेरीस घरचे एका रविवारी टाकी न्हाणीघरात नेऊन रिकामी करतात, खडी धुतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून कोरा करतात, नवे पाणी भरतात, नवे मासे आणतात आणि पुढच्या दहाव्या-बाराव्या दिवशी पुन्हा तेच घडते.

माझ्याकडे हे ओळीने तीनदा घडले. टाकी दोन बाय एक बाय एक फुटांची होती. हिशेबाने ती छप्पन लिटरांची असली, तरी खडी आणि वरची चार बोटे मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात पाणी पंचेचाळीस लिटरच मावते. त्यात चार गोल्डफिश होते. एवढ्या टाकीत चार गोल्डफिश ठेवणे हीच चूक होती, हे मला आज कळते. पण केवळ ती चूक असती तर मासे काही महिन्यांनी खुरटले असते, बाराव्या दिवशी मेले नसते. पहिल्या खेपेचे मासे अमोनियाने मेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेचे मासे मात्र आमच्या रविवारच्या स्वच्छतेमुळे मेले, कारण जे थोडेफार जमून येत होते ते प्रत्येक धुण्यात आम्ही गटारात सोडले आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवली.

जमून येत होते ते काय, हे आधी सांगितले पाहिजे. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात पाण्याचा पसारा मोठा असल्याने तो विरून जातो, टाकीत मात्र साठत राहतो. त्याला हटवण्याचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या गटातले सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राईट करतात, दुसऱ्या गटातले त्या नायट्राईटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राईट ही दोन्ही माशांना विष आहेत, तर नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सोसते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. हे दोन्ही गट टाकीत पुरेसे वाढू देणे म्हणजेच टाकीचे सायकलिंग. अडचण अशी की हे जीव फार सावकाश वाढतात. विरजणातल्या किंवा कुजणाऱ्या अन्नावरच्या जिवाणूंची संख्या अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकते, पण यांना अनुकूल परिस्थितीतही त्यासाठी साधारण अर्धा ते एक दिवस, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून सायकलिंगला चार ते सहा आठवडे लागतात. ते पाण्यात तरंगत नाहीत, तर स्पंजवर, खडीवर आणि काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. त्यामुळे मित्राच्या टाकीतले बादलीभर जुने पाणी आणून ओतण्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. त्याच मित्राच्या फिल्टरमधला मळका स्पंज अर्धा कापून आणला, तर मात्र चार-सहा आठवड्यांचे काम एक-दोन आठवड्यांवर येऊ शकते. असा स्पंज त्याच्याच टाकीच्या पाण्यात, पिशवीत ओला ठेवून, त्याच दिवशी आणावा आणि ज्या टाकीत मासे आजारी आहेत तिथला मुळीच आणू नये.

आधी मोजमाप, मग उपाय

अमोनिया आणि नायट्राईट डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास येत नाही आणि ती असतानाही पाणी नितळच असते. म्हणून थेंबांचा टेस्ट किट (नळीतल्या पाण्यात थेंब टाकून रंग तक्त्याशी जुळवायचा तो) घेतल्याशिवाय पुढचे काहीही करू नये, असे माझे मत आहे. किट दोन-तीन जोड्या गोल्डफिशहून महाग पडतो खरा, पण माझ्याकडे मेलेल्या माशांच्या पैशांत तो आला असता. स्वस्त पट्ट्यांच्या अनेक पाकिटांत अमोनियाचा चौकोनच नसतो, म्हणजे नेमके जे हवे तेच त्यात नसते. किटमध्ये अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; ७च्या खाली आम्ल) हे चार तरी असावेत. केएच, म्हणजे पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद मोजणारी बाटली, वेगळी घ्यावी लागली तरी घ्यावी. तिचे कारण पुढे येईल. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत तळाशी साका बसतो. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर नायट्रेट नाहीच असे खोटे उत्तर मिळते.

पहिली चाचणी टाकीच्या नव्हे, तर नळाच्या पाण्याची करावी. माझा मावसभाऊ जिथे राहतो तिथे बोअरचे पाणी आहे आणि आजूबाजूला उसाची शेती आहे. त्याने टाकी भरली त्याच दिवशी नायट्रेटची नळी लाल झाली आणि टाकी सायकल झाली असे समजून त्याने संध्याकाळी मासे सोडले. ते नायट्रेट जिवाणूंनी केलेले नव्हते, ते जमिनीतूनच आले होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि शेतीच्या भागातल्या काही विहिरी-बोअरचे पाणी ती ओलांडते. अशा ठिकाणी नायट्रेट दिसणे हा कशाचाच पुरावा नव्हे; अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य होणे हाच पुरावा.

मासे न सोडता सुरुवात

जिवाणूंना खायला अमोनिया लागतो आणि तो माशांनीच द्यावा असे काही नाही. अमोनियम क्लोराईड, म्हणजे आपला नवसागर, यासाठी सर्वांत सोयीचा आहे. कल्हईवाले पितळेच्या पातेल्यात जो चुरा टाकून धूर काढतात तोच हा पदार्थ. पण बाजारातल्या खड्यात काय काय मिसळलेले असेल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून शुद्ध बाटली घ्यावी. (हातभट्टीमुळे या पदार्थाचे नाव बदनाम आहे, दुकानदाराने कशाला हवा असे विचारले तर माशांच्या टाकीसाठी हे उत्तर त्याला पटेलच असे नाही, पण ते खरे आहे.)

अर्धा लिटर पाण्यात दहा ग्रॅम नवसागर विरघळवून बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवावे. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ६.४ मिलिग्रॅम अमोनिया असतो. माझ्या पंचेचाळीस लिटर पाण्यात २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, अमोनिया आणायला १४ मिलिलिटर पुरतात, आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे टोपण मापाला चालते. एका वेळी २ पीपीएम पुरे आहे. अधिक घातल्याने वेग वाढत नाही. ४-५ पीपीएमच्या वर तर उलट दुसरा गट दबतो. चाचणीत अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा तेवढाच डोस द्यावा. नवसागराची खटपट नको असेल तर सोललेली एक कच्ची कोळंबी जुन्या पायमोज्यात बांधून टाकीत सोडावी. तिच्यानेही काम होते. मात्र किती अमोनिया निघेल ते हातात राहत नाही आणि तिसऱ्या दिवसानंतर घरात जो वास सुटतो त्याचे उत्तर ज्याचे त्याला द्यावे लागते.

अमोनिया खालीच येत नाही

पहिले आठ-दहा दिवस काहीच न होणे स्वाभाविक आहे. दोन आठवडे उलटूनही अमोनिया जिथल्या तिथे असेल आणि नायट्राईट शून्य असेल, तर मात्र कारण शोधावे. क्लोरीन हे पहिले कारण. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असतो आणि तो चांगले-वाईट पाहत नाही. दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे खडे किंवा थेंब म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो स्टुडिओत वापरत तो हायपो. तो प्रत्येक नव्या बादलीत, टाकीत ओतण्याआधी घालावा. पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवूनही बराचसा क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो तेव्हा आणि सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी पाणी बदलणेच टाळावे. दुसरे कारण थंडी. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने पाणी २५ ते ३० अंशांच्या आसपास असते आणि तेच या जिवाणूंना मानवते. पण नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत टाकीचे पाणी रात्री वीसच्याही खाली जाते आणि तेव्हा सगळे सुस्तावते. त्या दिवसांत साधा हीटर लावावा किंवा धीर धरावा.

तिसरे कारण माझ्या घरात होते आणि ते कोणत्याही चाचणीने मला सापडले नसते. टाकी बाहेरच्या खोलीत आहे आणि आजी तिथेच झोपते. चौथ्या प्रयत्नात, सगळे नियमाप्रमाणे करूनही पंधरा दिवस नायट्राईटचा मागमूस नव्हता, तेव्हा मी टाकीपुढे नळ्या घेऊन बसलो असताना आजी म्हणाली, "मोटर नीट चालते की नाही बघ एकदा. मी रोज रात्री बंद करते, पण सकाळी लावायला कधी विसरत नाही हो."

या जिवाणूंना अन्नाइतकाच प्राणवायू लागतो. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करायला साडेचार मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होतो. फिल्टर थांबला की स्पंजमधून पाणी वाहणे थांबते आणि बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपत जातो. रोज आठ तास असे झाले तर वाढ कशी होणार? घरोघरी फिल्टर रात्री बंद होतो तो आवाजासाठी किंवा विजेच्या बिलासाठी. बिलाचे म्हणाल तर आमचा फिल्टर ८ वॅटचा आहे. तो चोवीस तास चालला तरी महिन्याला पावणेसहा युनिट होतात आणि रात्रीचे आठ तास बंद ठेवून दोन युनिटही वाचत नाहीत. आवाजाचे म्हणाल तर फिल्टर काचेला टेकतो तिथे रबराचा तुकडा लावला आणि पाण्याची धार पृष्ठभागाच्या किंचित खाली घेतली. आजीला झोप लागू लागली. बटणावर मी चिकटपट्टी लावली. त्यानंतर बाराव्या दिवशी नायट्राईटची नळी प्रथमच जांभळी झाली.

नायट्राईट अडकून बसला

सर्वांत जास्त लोक इथे धीर सोडतात. अमोनिया चोवीस तासांत शून्य होतो, पण नायट्राईटची नळी दोन-दोन आठवडे तशीच गर्द जांभळी राहते. यातला अर्धा प्रश्न मोजमापाचा आहे. २ पीपीएम अमोनियापासून सुमारे ५.४ पीपीएम नायट्राईट तयार होतो, आणि बहुतेक किटांचा रंगतक्ता ५ पीपीएमवर संपतो. म्हणजे एका डोसातच आपण तक्त्याच्या बाहेर जातो. तीन-चार डोसांनंतर प्रत्यक्षात पंधरा-वीस पीपीएम असले तरी नळी तोच रंग दाखवते आणि वीसचे दहा झाले तरी तोच दाखवते. अशा वेळी टाकीच्या पाण्याचा एक भाग आणि आरओच्या पाण्याचे नऊ भाग मिसळून चाचणी करावी आणि उत्तराला दहाने गुणावे. तीन दिवसांच्या अंतराने असे दोनदा केले की आकडा उतरतो आहे की थबकला आहे ते कळते. उतरत असेल तर काही करू नये, केवळ अमोनियाचा डोस निम्मा करावा. फार चढला असेल तर निम्मे पाणी बदलावे; त्याने जिवाणू जात नाहीत, कारण ते पाण्यात नसतात.

खरोखरच थबकला असेल तर पीएच पाहावा. माझी टाकी पाचव्या प्रयत्नात सत्ताविसाव्या दिवशी अशीच थबकली, इतकी की अमोनियाही पुन्हा उतरेनासा झाला. पीएच ६.२ निघाला, सुरुवातीला तो ७.४ होता. अमोनियाचे नायट्राईट होताना आम्ल तयार होते. अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमहून थोडी अधिक क्षारता खर्च होते, आणि ही क्षारता म्हणजेच केएच. आमच्याकडे तलावाचे, पावसाने भरणारे मृदू पाणी येते. त्याचा केएच मी मोजला तेव्हा ३ अंश होता, म्हणजे लिटरला साधारण ५४ मिलिग्रॅम. २ पीपीएमचा एक डोस त्यातले १२ मिलिग्रॅम खातो. पाच डोसांत ही शिल्लक संपते, आणि सत्ताविसाव्या दिवसापर्यंत माझे नेमके पाच डोस झाले होते. शिल्लक संपली की पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. "चांगले पाणी" म्हणून जे लोक पूर्ण टाकी आरओच्या किंवा विकतच्या जारच्या पाण्याने भरतात, त्यांच्या पाण्यात तर पहिल्या दिवशीच शिल्लक नसते. म्हणून त्यांची टाकी सर्वांत आधी अडते. बोअरचे जड पाणी प्यायला कितीही नकोसे वाटले तरी सायकलिंगला ते उत्तम, आणि माझ्या मावसभावाची टाकी, मासे काढून घेतल्यावर, कुठेही न अडता पुढे गेली.

उपाय स्वयंपाकघरात आहे. खाण्याचा सोडा शंभर लिटर पाण्यात तीन ग्रॅम घातला की केएच एका अंशाने वाढतो. माझ्या टाकीला एक सपाट लहान चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, आधी भांड्यात विरघळवून घातला आणि केएच साडेतीन अंशांच्या आसपास वाढला. बेकिंग पावडर वेगळी आणि धुण्याचा सोडा त्याहून वेगळा. ते दोन्ही घालू नयेत. कायमची सोय हवी असेल तर समुद्रावरचे शिंपले उकळून, फोडून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या प्रवाहात ठेवावेत. ते आपोआप थोडे थोडे विरघळत राहतात. एक चिमूट माशांचे खाद्यही मी त्या दिवशी टाकले, कारण केवळ नवसागरावर चाललेल्या टाकीत जिवाणूंना लागणारा फॉस्फरस कुठूनच येत नसतो. एकतिसाव्या दिवशी पातळ केलेल्या नमुन्यातही जांभळा रंग फिका दिसला. छत्तिसाव्या दिवशी संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घातला, सदतिसाव्या दिवशी त्याच वेळेला अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राईटची फिकी निळी, म्हणजे दोन्ही शून्य निघाल्या. सायकलिंग पुरे झाल्याची खूण हीच, दुसरी नाही. नायट्रेट ४० ते ८० पीपीएमच्या मधले होते. म्हणून ऐंशी टक्के पाणी बदलले आणि दुसऱ्या दिवशी मासे आणले.

बाटलीतल्या "जिवाणूं"बद्दल थोडक्यात लिहितो. नायट्राईटचे काम नायट्रोबॅक्टर करतात असे पूर्वी सर्रास मानले जात असे. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असे १९९८ मध्ये दिसून आले, आणि अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचे सगळे काम एकटीच करणारी नायट्रोस्पायराची जात २०१५ मध्ये उजेडात आली. यातल्या कोणालाही बीजाणू करून कोरड्या पावडरीत वर्षभर झोपून राहता येत नाही. म्हणून पावडरीच्या पुडीत जे असते ते गाळ कुजवणारे बॅसिलससारखे जिवाणू असतात आणि ते सायकलिंगचे काम करत नाहीत. द्रव बाटली थंड जागी साठवलेली आणि ताजी असेल तर उपयोगी पडू शकते. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली असेल तर तिच्यावर पैसे घालवू नयेत.

मासे आधीच टाकीत असतील तर

बहुतेकांना हे सगळे मासे आणल्यावरच कळते, त्यामुळे वरचे वाचून अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. खाद्य दिवसाआड आणि चिमूटभरच द्यावे. रोज चाचणी करावी आणि अमोनिया व नायट्राईट मिळून अर्धा पीपीएम ओलांडला की अँटिक्लोरीन घातलेल्या पाण्याने तिसरा हिस्सा ते अर्धे पाणी बदलावे. नायट्राईट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो. पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि कल्ले तपकिरी पडतात. मिठातला क्लोराईड हा नायट्राईटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही, म्हणून दहा लिटरला एक ग्रॅम खडे मीठ विरघळवून घालावे. त्याहून अधिक घालण्याची गरज सहसा पडत नाही. निळ्या औषधाचे गौडबंगालही इथेच उलगडते. मिथिलीन ब्लू निकामी झालेले हिमोग्लोबिन पुन्हा कामाचे करते, म्हणून मासा दोन दिवस खरोखरच तरतरीत होतो. पण तेच औषध फिल्टरमधल्या जिवाणूंना घातक असल्याने तिसऱ्या दिवसापासून पाण्यातले विष पूर्वीपेक्षाही वेगाने वाढते. ते द्यायचेच असेल तर मासा वेगळ्या बादलीत घेऊन द्यावे.

एका बाबतीत मात्र घाई जिवावर बेतते. अमोनियाचे पाण्यात दोन प्रकार असतात आणि त्यांतला एकच फार विषारी असतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या ०.७ टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ असताना तोच साडेसहा टक्के होतो, म्हणजे नऊपटीहून अधिक. पीएच घसरून ६.२ झालेल्या टाकीत ४ पीपीएम अमोनिया असूनही मासे कसेबसे तग धरून असतात. अशा वेळी कोणी घाबरून चमचाभर सोडा घातला किंवा पीएच ८ असलेल्या बोअरच्या पाण्याने निम्मी टाकी एकदम बदलली, तर अर्ध्या तासात मासे आडवे होतात आणि दोष पाण्याला दिला जातो. नळाच्या आणि टाकीच्या पीएचमध्ये एकाहून अधिक फरक असेल तर दहा-पंधरा टक्केच पाणी, सकाळ-संध्याकाळ, दोन-तीन दिवस बदलत जावे आणि अमोनिया उतरल्यावरच केएचचा विचार करावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले तर ती वेगळ्या, भराभर वाढणाऱ्या जिवाणूंची लाट असते. ती आठवड्याभरात आपोआप बसते. काचेवर तपकिरी थर आला तर तो पुसावा. या दोन्हींसाठी टाकी धुऊ नये.

सायकल झालेली टाकी पुन्हा बिघडली

सगळे मासे एकदम आणले तर जिवाणूंची संख्या तेवढ्या भाराला पुरत नाही. माझ्या टाकीत आता सहा गप्पी आहेत आणि ते दोन खेपांत आणले. वीज सहा-सात तासांहून अधिक गेली असेल तर बंद डब्याचा फिल्टर तसाच चालू करू नये. आतले सडके पाणी आधी ओतून टाकावे, मग चालू करावा. स्पंज बदलायची वेळ आली तर नवा स्पंज जुन्याशेजारी महिनाभर ठेवावा आणि मगच जुना काढावा. एरवी महिन्यातून एकदा, पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या त्याच पाण्याच्या बादलीत स्पंज तीन-चार वेळा हलका दाबावा. तो मळकटच दिसला पाहिजे. ते काळे पाणी आमच्याकडे तुळशीला आणि कढीपत्त्याला जाते.

गणपतीला पाच दिवस गावी जायचे असेल तेव्हा शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊन जाऊ नये. ते मायेने मूठभर टाकतात आणि परत येईपर्यंत अमोनियाची नळी हिरवी झालेली असते. धडधाकट मोठे मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकतात. घराबाहेर पडताना आपण सवयीने मेन स्विच बंद करतो, तो मात्र त्या दिवशी करू नये. बाकीची बटणे एकेक करून बंद करावीत आणि फिल्टरचे तेवढे चिकटपट्टीसकट चालू राहू द्यावे.